वॉटरमार्क काढलेली माता

आमच्या खोलीत देव भरपूर होते, देवघर मात्र नव्हतं. सुरतेतल्या नवागामातली खोली, वर पत्रा, खाली माणसं. एका भिंतीला गॅसची शेगडी, समोरच्या भिंतीला गोधड्यांचा ढीग आणि मधे एक फळी. त्या फळीवर आमच्या कुळाचे टाक, म्हणजे पितळेच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देव, लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेले. शेजारी एका डब्यात कानबाईचा नारळ. मायने मिरच्यांची फोडणी दिली की पहिला ठसका देवांना लागायचा.

आईबाप खानदेशातून आले ते आधी सुरतेजवळ चलथाणला, साखर कारखान्याच्या उसाला. मी रांगायला लागले ती उसाच्या फडात, असं माय सांगते. त्यात अभिमानाचं काही नाही, तिथे रांगायला दुसरी जागा नव्हती. मग कोणीतरी आप्पांना सुरतेत लूमवर चिकटवलं. लूमच्या शेडला इकडे 'खातं' म्हणतात. नाव ऐकून वाटतं काहीतरी साठत असेल. साठत काही नाही, कान तेवढे जातात. माझी दहावी होईपर्यंत आप्पांना नीट ऐकू येईनासं झालं, आणि आमच्या घरात कुजबुज नावाची गोष्ट उरली नाही. भांडण असो, पाळी असो, परीक्षेचा निकाल असो, सगळं ओरडून सांगायचं. आख्ख्या गल्लीला आमच्या घराची बित्तंबातमी असायची, एक आप्पा सोडून.

माय घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. साड्यांचा गठ्ठा खोलीत आला की आम्ही दाराबाहेर, कारण दोघांना एकदम जागा नव्हती. गोंदाने मायच्या बोटांची सालं निघायची. भाकरी थापताना ती सालं तिला झोंबायची, पण ती म्हणायची, पिठाने गार वाटतं. आम्ही ते खरं मानायचो. मानणं सोयीचं होतं.

मला चित्रं काढता यायची. आमच्याकडे हा गुण धरत नाहीत, सवय धरतात, नखं खाण्यासारखी. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत मी वहीच्या मागच्या पानावर मास्तरांची तोंडं काढायची आणि मास्तर ती पानं फाडून घरी न्यायचे. शिक्षा म्हणून नेतात असं मला वाटायचं. पुढे कळलं, एका बाईमास्तरांनी स्वतःचं चित्र कपाटाच्या आतून चिकटवलं होतं. त्यांनीच आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "हिला चित्रकलेच्या कॉलेजात घाला." आप्पांनी मान हलवली. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, पण मान हलवली होती, आणि साक्षीला गल्ली होती.

मामा तेवढा बिथरला. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ, आमच्या घरात निर्णय घेण्याचा हक्क त्याला कोणी दिलेला नव्हता, म्हणून तो रोज बजावायचा.

"चित्र काढीसन पोट भरस का कोनं?" तो मायला आमच्या अहिराणीत म्हणाला. "शिरपूरनं स्थळ शे. पोऱ्या ग्रामपंचायतमा लागेल शे."

"पोरगी शिकू दे," माय म्हणाली.

"शिकीसन काय करी?"

"तू नही शिकना, तू काय करस ते देखी राहिनू ना मी," माय म्हणाली. मामा चहा न पिता गेला. म्हणजे अर्धा पिऊन गेला.

कॉलेजात पदवीच्या मधल्या वर्षाला युरोपातल्या कलेचा एक पेपर होता. त्यात सगळ्यात आधी ख्रिस्ती लोकांची पहिली चित्रं. खिडकीला काळा कपडा लावून बाई पडद्यावर एकेक चित्र दाखवायच्या. रोमच्या जमिनीखाली मढी पुरायचे बोळ होते, त्यांच्या भिंतींवर ती काढलेली: मासा, जहाजाचा नांगर, कबुतर, दोन्ही हात वर करून प्रार्थनेला उभी राहिलेली बाई. आणि एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला, आखूड अंगरखा घातलेला, खांद्यावर मेंढरू घेऊन चाललेला.

"हा येशू," बाई म्हणाल्या.

"बाई, हा तर ठेलारी," मी म्हणाले. आमच्याकडे मेंढ्या घेऊन हिंडतात त्यांना ठेलारी म्हणतात. मेंढरू तसंच धरतात, चारही पाय छातीशी एका मुठीत.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा अजून त्याला कोणी राजा केलेलं नव्हतं."

पुढच्या चित्रांत केलं. राज्यच ख्रिस्ती झालं, आणि त्याच पोराला दाढी आली, सिंहासन आलं, पाठीमागे सोन्याची भिंत आली. आमच्या गल्लीतला एक जण वीज कंपनीत लागला तेव्हा त्याच्यातही असाच फरक पडला होता, म्हणून मला ते लगेच कळलं.

मग आली आयकॉन्स. लाकडी फळीवर सोन्याची जमीन करून काढलेली मारियाची, म्हणजे येशूच्या आईची, येशूची, संतांची चित्रं. ती काढायचे नियम ठरलेले. कपड्यांचे रंग ठरलेले, बोटांची ठेवण ठरलेली, काढणाऱ्याने मनाचं काही घालायचं नाही, खाली सही करायची नाही. सही नाही हे ऐकून वर्गातले होतकरू कलावंत फार हळहळले. काढणाऱ्याचं नाव नको, पण ज्याचं चित्र आहे त्याचं नाव मात्र चित्रातच लिहिलं पाहिजे. नाव लिहिल्याशिवाय ते आयकॉन होत नाही, नुसतं चित्र राहतं.

ह्या चित्रांवरून एकेकाळी मारामाऱ्या झाल्या. एक बाजू म्हणाली, फळीला नमस्कार करणं म्हणजे मूर्तिपूजा, फोडा. आणि फोडली. दुसरी बाजू म्हणाली, नमस्कार फळीजवळ थांबत नाही, जिचं चित्र आहे तिला पोचतो. शेवटी दुसरी बाजू जिंकली. रोमचे लोक, म्हणजे आजचे कॅथलिक, आधीपासून तिच्याच बाजूने होते. परीक्षेत ह्यावर प्रश्न आला आणि मी आमच्या कानबाईवर पानभर लिहिलं. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही नारळाला डोळे लावतो, नाक लावतो, नथ घालतो, साडी नेसवतो, चौरंगावर बसवतो. त्या रात्री त्याला नारळ म्हणायची कोणाची छाती नाही. सोमवारी नदीवर नेऊन, बुडवून, पुसून परत डब्यात ठेवतो, तेव्हा देवीला डब्यात कोंडलं असंही कोणी म्हणत नाही. तेव्हा हा वाद आमच्याकडे झाला नसता, असं मी लिहिलं. बाईंनी लाल पेनाने शेरा मारला: 'उत्तर युरोपातच ठेवावे.' आणि गुण कापले.

घरी विचारलं, काय शिकतेस? मी आप्पांच्या कानात ओरडले, "आयकॉन!" गल्लीने ऐकलं. नवागामात कॉम्प्युटरच्या क्लासला जाणाऱ्या सगळ्या पोरांना आयकॉन माहीत होतं: स्क्रीनवर असतं, त्यावर दोनदा टिचकी मारली की प्रोग्राम उघडतो. संध्याकाळपर्यंत बातमी पक्की झाली की मी कॉम्प्युटर शिकते आहे. मी पुष्कळ समजावलं. मामा म्हणाला, "आयकॉन शिकी राहिनी तं लागी नोकरी," आणि शिरपूरच्या स्थळाला थोडं थांबवून ठेवलं. साधुसंतांची पुण्याई कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

पदवी मिळाली. आमच्या सगळ्या भाऊबंदकीत पहिली. आप्पांनी पदवीचे कागद पितळी टाकांच्या शेजारी फळीवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी खात्यात गेले. मी नोकरी शोधायला लागले.

सुरतेतल्याच उधन्यात एका एम्ब्रॉयडरी युनिटमधे लागले. एका वेळी पुष्कळ सुया चालवणारी मोठी मशीनं, आणि त्या मशीनला डिझाइन समजावून सांगायचं काम कॉम्प्युटरवर होतं. त्याला पंचिंग म्हणतात. पंचिंग एक मास्टर करायचे. मी त्यांच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे धाग्यांच्या रंगांचं शेडकार्ड धरून उभं राहायचं आणि ते "पिंक" म्हणाले की कुठला पिंक ते विचारायचं नाही. खिडकीपाशी पंचिंगचं दुसरं टेबल होतं, रिकामं. ते टेबल मला हवं होतं. दुसरं काही नको होतं. त्या टेबलावर बसणारी डिझायनर असते, आणि टेबल नसलेली पदवीधर म्हणजे, मामाच्या शब्दांत, धागाकटिंगची मोठी बहीण. खालच्या हॉलमधे बायका बसून तयार कापडाचे सुटे धागे कापायच्या. त्यातल्या निम्म्या नवागामच्या. मी जिना चढताना त्या म्हणायच्या, "बीए, वर जाई राहिनी का? आमना नमस्कार सांग."

शेठना मी टेबलाचं विचारलं. शेठ सुरती, तोंडात तंबाखूचा मावा, मनात सतत पुढची पार्टी, म्हणजे धंद्यातलं गिऱ्हाईक. "बेन," ते म्हणाले, "एक मोटुं काम पास करावी आप. टेबल तारुं."

मोठं काम एका साध्या शर्टपँटवाल्या माणसाच्या रूपाने आलं. तो शेठशी हिंदीत बोलत होता. मी कोपऱ्यात मायशी फोनवर अहिराणीत ओरडत होते, आप्पांना फोन देऊ नकोस म्हणून. फोन ठेवला तर तो माणूस वळून म्हणाला, "तुम्ही मराठी?"

"हो. तुम्ही?"

"मी वसईचा. चर्चमधे फादर आहे."

"मराठी बोलता तर फादर कसे?" माझ्या तोंडून गेलं.

"आधी मराठी बोलायला लागलो," ते म्हणाले, "फादर पुष्कळ नंतर झालो."

त्यांना चर्चच्या सणासाठी मोठी पताका हवी होती, मिरवणुकीत पुढे धरायची, आणि घरोघरी द्यायला त्याच चित्राचे लहान तुकडे. त्यांनी फोनवर फोटो दाखवला. जुन्या फ्रेममधलं चित्र, काच तडकलेली. मी फोन त्यांच्या हातातून जवळ ओढला. कॉलेजातल्या पडद्यावरची बाई उधन्यात आली होती. सतत साहाय्य करणारी माता, इंग्रजीत मदर पर्पेच्युअल, असं कॅथलिक लोक तिला म्हणतात. मूळ आयकॉन रोममधे आहे. निळं ओढणं, कपाळावर तारा, मागे सोनं. मूल दोन्ही हातांनी आईचा हात धरून मागे बघतं आहे, कारण वर दोन्ही बाजूंना देवदूत आहेत आणि त्यांच्या हातांत खेळणी नाहीत: क्रूस आहे, भाला आहे. पोराला त्याचं पुढचं मरण दाखवलं आहे. ते इतकं घाबरून आईकडे पळालं आहे की पायातली चप्पल सुटून एका पट्ट्यावर लोंबते आहे. आई पोराकडे बघत नाही, आपल्याकडे बघते. हसत नाही.

"आहे तसंच पाहिजे," फादर म्हणाले.

"सेम टु सेम, फादर," शेठ म्हणाले. "उससे भी अच्छा."

मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

मास्टरांनी चित्र मोठं करून स्क्रीनवर घेतलं आणि कपाळाला हात लावला. "इतने वॉटरमार्क! कौन पार्टी है ये, इतना डरती है?"

तुम्हांला सांगायला हवं, आमच्या युनिटमधे डिझाइन नेटवरून उतरवायचे. उतरवलेल्या चित्रावर कोणाचं तरी नाव, कुठलीतरी अक्षरं असतातच. ती पुसून कापड स्वच्छ करणं ही मास्टरांची खरी कला. त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. इथे मातेच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरं होती, पोराजवळ होती, देवदूतांच्या डोक्यावर बारीक होती.

"मास्टर, हा वॉटरमार्क नाही," मी म्हणाले. "तिचं नाव आहे ते."

शेठ पुढे वाकले. "एम पी लख्युं छे," ते म्हणाले. "मध्यप्रदेशनी पार्टी हशे. इंदोर."

"शेठ, ती ग्रीक अक्षरं आहेत. देवाची आई असं लिहिलंय. ते पुसलं तर..."

"बेन, तू भणेली छे, सारी वात छे," शेठ म्हणाले. "पण बीजानुं नाम आपणा माल पर? काढी नाख."

आपल्या मालावर दुसऱ्याचं नाव शेठना चालत नव्हतं. मास्टरांनी अक्षरं पुसली. एकदम सफाईने, सोन्यावर डागसुद्धा राहिला नाही. मग शेठना पोराचा पाय दिसला. "आ शूं? तूटेली चंपल? तूटेली चंपलवाळा भगवान कोण लेशे?" मास्टरांनी चप्पल नीट घातली, बक्कलसुद्धा लावलं. मग मातेचा रंग. शेडकार्डात आमच्याकडे देवीदेवतांसाठी एक गोरी शेड ठरलेली होती, राधेला, लक्ष्मीला, सगळ्यांना तीच. तीच लावली. ओठांचे कोपरे जरा वर केले. ओढणीला टिकल्या. देवदूतांच्या हातांतला क्रूस आणि भाला ठेवला, कारण ते मास्टरांना मोरपिसासारखं काहीतरी वाटलं.

मी टेबलाच्या मागे उभी होते, शेडकार्ड धरून. मी पुन्हा बोलले. मास्टर वळून म्हणाले, "मॅडम, आपने कॉलेज में पढ़ा, हमने मशीन पे." मशीन त्यांच्याच हातात होतं.

सॅम्पल तयार झालं. दिसायला सुंदर होतं, हे मी नाकारणार नाही. ह्या शहरात वाईट दिसणारं काही बनतच नाही. फादर आले. शेठनी स्वतः उलगडून दाखवलं. फादर कापडावर वाकले. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "ही कोण?"

"आपकी मधर है, फादर," शेठ म्हणाले.

"नाही हो. ही बाई खूश आहे." ते माझ्याकडे वळले. "आणि हिचं नाव कुठं गेलं?"

शेठना 'नाव' एवढं कळलं. ते खुलले. "काढ नाखा, फादर! सब वॉटरमार्क साफ! एकदम क्लीन पीस."

फादरना हसावं की रडावं कळेना. "आणि चप्पल?"

"रिपेर कर दी," शेठ म्हणाले. "उसका एक्स्ट्रा चार्ज नहीं."

फादरनी कापडाची घडी घातली. "हे मला चालणार नाही," ते म्हणाले. "आमच्या आजीने ह्या चित्रासमोर आयुष्य काढलं. तिला हे दाखवलं असतं तर म्हणाली असती, कोण पाहुणी आलीय?" मग मला म्हणाले, "तुम्हांला माहीत होतं का ते काय आहे?"

शेठ माझ्याकडे बघत होते. मास्टरही. मी म्हणाले, "हो. डोक्याजवळची अक्षरं म्हणजे 'देवाची आई'. दिसतं ते पी नाही, ग्रीकमधला र आहे. पोराजवळ येशू ख्रिस्त. नाव असल्याशिवाय आयकॉन होत नाही. आणि चप्पल सुटलेलीच पाहिजे, ते मूल घाबरून पळत आलंय. चप्पल नीट केली तर त्याची भीतीच गेली. मग आई लागते कशाला?"

फादर म्हणाले, "आम्ही पोरं एम पी म्हणजे मदर पर्पेच्युअल असं धरून चालायचो."

"तुम्ही फादर लोक ग्रीक शिकता ना?"

"शिकलो. परीक्षा झाल्यावर ते मी देवाच्या स्वाधीन केलं." मग शेठना हिंदीत म्हणाले, "काम यह करेगी तो मैं रुकता हूँ. नहीं तो जाता हूँ."

फादर गेल्यावर शेठनी मावा थुंकला आणि मला म्हणाले, "कर. पास थयुं तो टेबल. बगड्युं तो नीचे धागाकटिंगमां बेसजे." ते रागाने म्हणाले नाहीत. व्यवहार सांगितला.

नापास झालेलं सॅम्पल कोणालाच नको होतं. मी घरी आणलं, रंग आणि टाके बघायला. मायने ते भिंतीला टांगलं, हात जोडले आणि म्हणाली, "मरीमाय!"

"माय, मरीमाय नव्हे, मारिया."

"तेच ते," माय म्हणाली. मग जवळ जाऊन बघितलं. "पन मरीमायले पोर कव्हय व्हयनं? आनि एवढी गोरी कशी व्हयनी व माय?"

मरीमाय आमच्याकडे पटकीची देवी. ती शेंदराची असते, दगडाची असते, तिला कोणी गोरी केलेली नाही आणि तिच्या कडेवर पोर देण्याचं धाडस कोणाला झालेलं नाही. मायने तरीही कुंकू लावलं. देवी बाळंत झाली असेल तर आपण कोण विचारणार, असा तिचा एकूण सूर होता.

नेमका मामा आला. भिंतीकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "ही पोर ख्रिस्ती व्हई गयी का?"

आप्पांनी त्याच्या ओठांकडे बघितलं. "कुस्ती?" ते ओरडले. "कोन कुस्ती खेळी राहिनं?"

"कुस्ती नही, ख्रिस्ती!" मामाही ओरडला.

"आंडेर कुस्ती खेळस?" आप्पा माझ्याकडे वळले. आंडेर म्हणजे लेक. चेहऱ्यावर काळजी होती, पण थोडं कौतुकही होतं, ते मला दिसलं. "हाड मोडीसन घेशी, बाई."

गल्ली दारात जमली. मी सगळ्यांना एकदमच सांगितलं, ओरडून, एकेकाला सांगायचा वेळ वाचला: मी कुठे गेलेली नाही, मी काम करते आहे, हे काम चांगलं झालं तर मला टेबल मिळेल, आणि नाही झालं तर मी खाली धागे कापीन. मामा म्हणाला, "शिरपूरवाला थांबेल शे अजून." म्हणजे धागे कापायचे नसतील तर तीही एक सोय होती.

दुसऱ्या दिवशी मी मास्टरांच्या खुर्चीवर बसले. ते उठून चहाला गेले आणि तिथेच राहिले. मला पंचिंग येत होतं, शेडकार्ड धरताना मागून बघून बघून आलेलं, पण चेहरा येत नव्हता. गोऱ्या शेडवर सावल्या घातल्या की माता आजारी दिसायची. मग कॉलेजातलं आठवलं. आयकॉन काढणारे चेहरा गोऱ्यापासून सुरू करतच नाहीत. आधी सगळा चेहरा काळपट हिरव्या-तपकिरी रंगाने भरतात आणि त्यावर हळूहळू उजळ चढवत जातात, नाक, गाल, कपाळ. उजेड बाहेरून पडत नाही, आतून वर येतो. वहीत लिहून घेतलेलं, पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं. आता धाग्यात करायचं होतं.

मी तळाला शेवाळी धागा लावला. मशीन सुरू झालं. मशीनवरचा कारागीर धावत वर आला. "दीदी! माताजी को काला कर दिया! शेठ मार डालेगा!"

"चालू दे."

"दीदी, मैं हाथ नहीं लगाऊंगा. पाप लगेगा."

"पाप मला लागू दे, तू धागा बदल."

त्याने हात जोडून धागा बदलला. तपकिरी आला, मग गव्हाळ, मग हलका. पहिले दोन तुकडे वाया गेले, एकात मातेला मिशी आल्यासारखं दिसत होतं. शेठ जिन्यावरून बघून गेले आणि खालच्या हॉलमधे त्यांनी एक चटई जास्तीची टाकायला सांगितली, असं मला खालच्या बायकांनी येऊन सांगितलं. "तुन्ही जागा धरी ठेवेल शे," त्या म्हणाल्या. एकीने चिमटाही काढला. पुढच्या तुकड्यात चेहरा जमला. सावळा, गंभीर, आणि आपण कुठेही उभे राहिलो तरी आपल्याकडेच बघणारा. मी टिकल्या काढल्या. चप्पल सोडली, एका पट्ट्यावर लोंबती ठेवली. सोन्याची जमीन जरीने भरली. ती तरी ह्या शहराला शिकवावी लागत नाही. आणि सगळ्यात शेवटी, नियमाप्रमाणे, नावं लिहिली.

शेठ आले आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. "अहीं आपणुं लेबल."

"नाही शेठ. ह्यात बनवणाऱ्याचं नाव नसतं."

"तारुं नाम नथी?"

"माझंही नाही."

शेठना हे खरोखर कळेना. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुसून आपलं नाव लावलेला माणूस तो. आता दुसरीचं नाव परत लावायचं आणि आपलं लावायचं नाही, हा कुठला धंदा? "तो लोकोने खबर केम पडशे, कोणे बनाव्युं?"

"कळणार नाही."

त्यांनी पताका उलटी केली. मग लेबल मागच्या बाजूला, अस्तराच्या आत शिवलं. कोणाला दिसणार नाही पण आपल्याला ठाऊक असेल, असा तोडगा त्यांनीच काढला.

फादर आले. कारागीर, मास्टर, शेठ, सगळे उभे होते. मी पताका उलगडून टेबलावर पसरली आणि हात मागे घेतले. फादरनी पायातले बूट काढले, कपाळापासून छातीपर्यंत आणि खांद्यापासून खांद्यापर्यंत क्रूसाची खूण केली, आणि पोराच्या लोंबत्या चपलेवर बोट टेकवलं. त्यांचे डोळे ओले होते. ते बघून मशीनवाल्याने पायातलं काढलं. मग मास्टरांनी, जरा उशिराने. शेठनी इकडेतिकडे बघितलं, मावा गिळला आणि हात जोडले. अजून बिलसुद्धा झालेलं नव्हतं.

"हीच," फादर म्हणाले. "हिला मी ओळखतो."

"चेहरा काळा वाटत नाही ना?" मी विचारलं.

"आजी म्हणायची, ही आपल्यातली आहे." मग शेठना म्हणाले, "लहान तुकडे पण हिच्याकडूनच." आणि बूट घालून, पिशवी काखेला लावून, रिक्षा शोधायला निघाले. पताका त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

शेठनी दुसऱ्या दिवशी खिडकीपाशीचं टेबल पुसून घेतलं. मास्टर पुष्कळ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा एक चित्र घेऊन आले आणि हळूच विचारलं, "मॅडम, ये वॉटरमार्क है ना? पक्का?" तो वॉटरमार्कच होता. पण चित्र दुसऱ्याचं होतं. मी म्हणाले, हे उतरवायचं नाही, आपण आपलं काढू. त्यांना ते पटलं असं नाही, पण टेबल माझं होतं.

आज त्या युनिटमधली सगळी डिझाइनं मी काढते, आणि देवळांच्या व चर्चच्या कामांचा वेगळा विभाग माझ्या हाताखाली आहे. आप्पांनी खातं सोडलं. माय टिकल्या चिकटवत नाही. शिरपूरच्या मुलाचं लग्न झालं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि त्या पदवीवर मी माझं टेबल मिळवलं.